पुंजगोलाणूंची प्रतिजैव-रोधकता
सोनेरी वसाहती करणारा पुंजगोलाणू, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हा सूक्ष्मजंतू सुमारे एक-तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहतो. शस्त्रक्रियेच्या जखमेतून किंवा शिरेतील नळीवाटे तो शरीरात शिरल्यास पू, रक्तदूषण वा हृदयाच्या झडपांचा शोथ उद्भवतो. पेनिसिलिनाचे विघटन करणारे एंझाइम स्रवणारे त्याचे वाण प्रथम रुग्णालयांतच बळावले. या एंझाइमाला दाद न देणारे मेथिसिलीन १९५९ मध्ये वापरात आले. तथापि त्यालाही न जुमानणाऱ्या वाणांची नोंद पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये केली.

या वाणांत औषधाचे विघटन होत नाही. बाहेरून मिळालेल्या मेक-ए या जनुकामुळे कोशिकाभित्ती बांधणारे एक निराळे प्रथिन तयार होते. पेनिसिलीन गटातील औषधे त्याला नीट चिकटत नाहीत व भित्तीची बांधणी चालूच राहते. ही रोधकता मेथिसिलिनाच्या वापरामुळे आली, असे दीर्घकाळ मानले जाई. जतन केलेल्या जुन्या वाणांच्या २०१७ मधील अभ्यासावरून मात्र ती १९४० च्या दशकाच्या मध्यासच उद्भवली असावी, असे दिसते. म्हणजे तिला वाव दिला तो पेनिसिलिनाच्या सरसकट वापराने. नव्या औषधाला निष्प्रभ करणारा जंतू त्या औषधाच्या आधीच तयार होता.

अशा संसर्गावर व्हँकोमायसीन देतात. त्यालाही पूर्ण रोधक असा वाण २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात आढळला. त्याचे रोधक जनुक एंटेरोकॉकस या आतड्यातील जंतूकडून आलेले होते. सुदैवाने असे वाण विरळ आहेत. रुग्णालयात प्रसार मुख्यत्वे कर्मचाऱ्यांच्या हातांवाटे होतो. त्यामुळे प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुतात, बाधितांना वेगळे ठेवतात आणि गरज संपताच नळ्या काढून टाकतात.