परतून येणारं म्हातारपण

दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला भारत आणि पाकिस्तान आपापल्या तुरुंगांत असलेल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात-घेतात. 2008च्या करारानं ही पद्धत घालून दिली आणि संबंध कितीही ताणले गेले तरी ती पाळली जाते. 1 जानेवारी 2025च्या यादीत पाकिस्ताननं भारतीय असलेले किंवा भारतीय मानले गेलेले 217 मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचं कळवलं. बातम्यांत हे सगळे बहुधा ‘गुजरातचे मच्छीमार’ होऊन जातात, कारण पकडलेल्या बोटी पोरबंदर, ओखा, वेरावळ, मांगरोळच्या असतात. बोट गुजरातची खरी, पण तिच्यावर जाळं ओढणारे खलाशी कित्येकदा महाराष्ट्रातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवरचे असतात.

या माणसांनी परदेशी जायचं कधी ठरवलेलं नसतं. त्यांच्याकडे पासपोर्ट नसतो. दोन देशांमधली सागरी हद्द सर क्रीक या खाडीच्या वादामुळे पूर्णपणे ठरलेली नाही, किनाऱ्याजवळची मासळी घटत चालली आहे आणि बोटी आणखी आणखी दूर जातात. मग एखाद्या रात्री पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची नौका आडवी येते आणि तलासरीचा माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. समाजशास्त्रात स्थलांतरितांच्या अनुभवांवर, त्यांच्या नात्यांवर आणि परक्या मुलखातल्या त्यांच्या म्हातारपणावर गेल्या शंभर वर्षांत भरपूर संशोधन झालं आहे. त्यातल्या बऱ्याचशा अभ्यासांत स्थलांतरित म्हणजे काही एक बेत करून निघालेला माणूस असतो. पालघर जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला मात्र बेत न करता परदेशात वर्षं काढलेली माणसं आहेत. माझ्या मते त्यांचं म्हातारपण हा या संशोधनाचा सगळ्यांत कमी वाचला गेलेला भाग आहे.

स्थलांतर मोजण्याची शास्त्रीय सुरुवात 1885 साली झाली. अर्न्स्ट रावेनस्टाइन या अभ्यासकानं ब्रिटनच्या जनगणनेवरून काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्याच ठिकाणी जातात, आणि जाणाऱ्यांच्या प्रत्येक ओघाला परत येणाऱ्यांचा एक उलटा ओघ असतो, हे त्यांतले दोन. तलासरीत हे दोन्ही नियम डोळ्यांना दिसतात. या तालुक्यात दहातली नऊ माणसं आदिवासी, बहुसंख्य वारली. शेती पावसावरची, भाताचं एकच पीक. कापणी आटोपून दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ‘जगायला’ बाहेर पडतात. काही भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, काही बांधकामांवर. उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारेही पुष्कळ. खलाशी तर त्याआधीच, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठताच निघालेले असतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की परततात.

सरकारी पाहण्यांना हे लोक नीट पकडता येत नाहीत. 2007-08च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनं अल्पकालीन स्थलांतरित कोण, हे ठरवताना कामासाठी वर्षातला एक महिना ते सहा महिने बाहेर राहणारा, अशी व्याख्या केली. आठ-नऊ महिने समुद्रावर असणारा खलाशी तिच्यात बसत नाही. त्यानं गाव कायमचं सोडलेलं नाही, म्हणून तो जन्मस्थळ आणि आधीचं वास्तव्य विचारणाऱ्या जनगणनेतही नीट उमटत नाही. आणि जो मोजला जात नाही त्याच्या घरी वय कसं होतं, हे कुणी विचारायला जात नाही.

या प्रश्नासाठी मला सगळ्यांत उपयोगी वाटतं ते रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची या मानसशास्त्रज्ञांनी 1980 साली मांडलेलं प्रारूप. त्यांच्या मते माणूस आयुष्यभर एका ताफ्यासोबत चालत असतो. अगदी आतल्या वर्तुळात ज्यांच्याशिवाय जगणं कल्पता येत नाही अशी माणसं, त्याबाहेर जवळचे, आणखी बाहेर कामापुरते ओळखीचे. वयानुसार बाहेरची वर्तुळं विरळ होतात, आतलं बहुधा टिकतं. मुलाखत घेणारा एक कागद पुढे ठेवतो आणि या वर्तुळांत नावं भरायला सांगतो. साठी ओलांडलेल्या माणसाचं आरोग्य, एकटेपण, आजारातून उठण्याची ताकद या सगळ्यांचा त्या नावांशी संबंध असतो, हे अनेक देशांत दिसून आलं आहे.

हाच कागद डहाणूच्या एखाद्या चिकूच्या वाडीतल्या जुन्या इराणी घरात ठेवून पाहावा. डहाणू, घोलवड, बोर्डी हा इराणी झरतुष्टींनी घर केलेला पट्टा. पारशांचे पूर्वज ज्या संजाण बंदरात उतरले असं परंपरा सांगते, ते इथून जवळच, राज्याच्या सीमेपलीकडे आहे. त्या आगमनाची कथा सांगणारं ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस नवसारीला लिहिलं गेलं. दुधात साखर विरघळावी तसे मिसळून राहू, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्यात नाही. त्यात आहेत त्या तिथल्या राजानं घातलेल्या अटी: शस्त्रं खाली ठेवा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, लग्नं संध्याकाळी लावा. भाषा, कपडे, लग्न. आजचे संशोधकही स्थलांतरितांच्या नात्यांविषयी प्रश्न विचारतात तेव्हा याच गोष्टींपाशी येतात.

इराणी मात्र फार नंतर आले. यझ्द आणि किरमानच्या परिसरात झरतुष्टींवर जिझिया कर होता, अपमान होता, दुष्काळ होता. मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हाटारिया यांना इराणला पाठवलं आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 साली जिझिया उठला. तरी माणसं निघतच राहिली, विसाव्या शतकातही. कुणी मुंबईत हॉटेलं काढली, कुणी डहाणूकडे वळून वाड्या उभ्या केल्या. मध्य अमेरिकेतून आलेला चिकू या खाऱ्या वाऱ्याच्या जमिनीत रुजला आणि 2016 साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ही स्थलांतरित माणसं इथेच म्हातारी झाली आणि बहुतेकांना परत जावं लागलं नाही. बायका-मुलं सोबत होती किंवा मागून आली, जमीन होती, प्रार्थनेची जागा होती. आपसांत बोलायला यझ्दकडची दरी बोली होती, बाजारासाठी गुजराती. म्हातारपणी आपली पहिली भाषा बोलणारं कुणी जवळ असणं ही केवळ हळवी गोष्ट नाही. 1990च्या दशकात स्वीडनमध्ये, फिनलंडहून तरुणपणी आलेल्या आणि आता स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा अभ्यास झाला. नंतर शिकलेली स्वीडिश त्यांच्यापासून निसटत होती. फिनिश बोलणारी परिचारिका समोर आली की हीच माणसं अधिक सांगत, अधिक समजत, रोजची कामं अधिक नीट करत.

आता या घरांसमोर दुसराच प्रश्न आहे. 2011च्या जनगणनेत देशभरात 57,264 पारशी मोजले गेले. 1941 साली ते एक लाखाच्या वर होते. साठीपुढच्यांचं प्रमाण जवळपास 30 टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त. तरुण मंडळी मुंबईत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. लॉरेटा बाल्डासार या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ऑस्ट्रेलियातली इटालियन मुलं आणि इटलीत राहिलेले त्यांचे आईबाप यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. दूर राहणारी मुलं काळजी घेत नाहीत, हा समज त्यांनी खोडून काढला. पैसे, सल्ला, रोजचं बोलणं यांतून काळजी समुद्रापारही पोचते. अंगाला हात लावून करायची सेवा तेवढी पोचत नाही. त्यासाठी कुणीतरी जवळच असावं लागतं. डहाणूच्या वाड्यांत हे जवळचं माणूस पुष्कळदा वारली असतं. तिथेच स्वयंपाक करणारी, बागेत राबणारी, मालकाला दवाखान्यात नेणारी माणसं.

इथे डहाणूचा इतिहास जपून वाचावा लागतो. वाड्या उभ्या राहिल्या त्या वारल्यांच्या श्रमांवर, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्या हातून गेलेल्या जमिनीवर. जमीनदार हिंदू होते, मुसलमान होते, पारशी आणि इराणीही होते. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं मालकाकडे बांधली जात. असा ‘लग्नगडी’ वर्षानुवर्षं सुटत नसे. संसाराची सुरुवातच गुलामीनं होई. 1945 साली तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानं भरलेल्या सभेनं वेठबिगारी नाकारली आणि ती प्रथा मोडली. उचल मात्र उरली. लग्न, आजारपण किंवा पावसाळ्यातली चणचण यांसाठी आगाऊ पैसे घ्यायचे आणि ते भट्टीवर, बोटीवर फेडायचे, हे आजही चालतं.

वारली खलाशाच्या घरी वर्तुळांचा तो कागद ठेवला तर काय दिसेल? आतल्या वर्तुळातला कमावता माणूस वर्षातले आठ महिने नाही. बोट खोल समुद्रात असली की फोन लागत नाही. बायको मजुरीला, भट्टीवर किंवा कारखान्यात. चुलीपाशी आजी, आणि तिच्याजवळ नातवंडं. ‘मागे राहिलेले वृद्ध’ या नावानं जगभर जो अभ्यास होतो त्यात म्हाताऱ्यांची काळजी कोण घेतो, हे विचारलं जातं. पाड्यावर आधी उलट विचारावं लागतं: ही म्हातारी किती जणांची काळजी घेते?

आणि मग तोच खलाशी पन्नाशीकडे येतो. अमेरिकेतल्या संशोधकांना एक कोडं पडलं होतं. मेक्सिकोहून आलेले गरीब मजूर कागदोपत्री स्थानिक गोऱ्यांपेक्षा निरोगी दिसत, त्यांचा मृत्युदर कमी भरे. एक उत्तर असं की निरोगी माणूसच घर सोडायची हिंमत करतो. दुसरं उत्तर सामन माशावरून ओळखलं जातं. हा मासा आयुष्य समुद्रात काढून शेवटी जन्माच्या नदीत परततो. तसे आजारी आणि थकलेले मजूर मायदेशी जातात आणि त्यांचे मृत्यू तिथे नोंदले जातात. अमेरिकेतल्या आकड्यांवर या परतण्याचा नेमका किती परिणाम होतो यावर वाद आहे, पण चीनमध्ये खेड्यांतून शहरांत जाणाऱ्या मजुरांच्या अभ्यासातही हा ओघ दिसला आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिण गुजरातच्या गावांत, तलासरीपासून फार दूर नाही अशा मुलखात, मजुरांमागोमाग फिरले. उमेदीचं वय शहर वापरून घेतं आणि शरीर उतरलं की माणूस गावाच्या माथी परत येतो, हे त्यांनी पुस्तकामागून पुस्तकात दाखवलं.

भट्टीच्या धुरानं, जाळ्याच्या ओढीनं, खाऱ्या पाण्यानं झिजलेलं हे शरीर जिथे झिजलं तिथे त्याची नोंद नाही. ते उतरतं तलासरीच्या, डहाणूच्या सरकारी रुग्णालयात. खलाशाची ताकद एका राज्यात खर्च होते आणि दुखणं दुसऱ्या राज्याच्या खात्यावर पडतं. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन महिन्याला 1,500 रुपये, तेही 65 वर्षांनंतर आणि कागद जमले तर. पन्नाशीत थकलेल्या माणसानं मधली पंधरा वर्षं कशी काढायची याला त्या योजनेत उत्तर नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेल्या पाहणीत 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांपुढच्या 72 हजारांहून अधिक लोकांना भेटून त्यांचं आरोग्य, उत्पन्न, नाती तपासली गेली. काम मोठं आहे. पण तिचे निष्कर्ष राज्यापर्यंत येऊन थांबतात. तालुक्याचं चित्र हवं तर कुणीतरी पाड्यावर, वारली बोलीत, आणि पावसाळ्यात जायला हवं. खलाशी घरी असतो तो तेव्हाच.

कराचीत अडकलेल्याला तेवढाही पावसाळा मिळत नाही. हद्द ओलांडल्याची शिक्षा सहसा काही महिन्यांची असते, सुटकेला वर्षं लागतात. जानेवारी 2025 मध्ये भारतानं शिक्षा पूर्ण झालेल्या 183 मच्छीमार आणि नागरी कैद्यांना सोडण्याची मागणी केली होती. सुटकेआधी माणूस भारताचाच आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी चौकशी येते ती त्याच्या पाड्यावर. रेशनकार्डात नाव आहे का, फोटोतला माणूस हाच का, बाप कोण, बायको कोण. घरचे आणि शेजारी जे सांगतील त्यावर अहवाल लिहिला जातो, मग तो जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला जातो. बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक खलाशाची नोंद बंदरावर होते तशी त्याच्या ग्रामपंचायतीतही झाली, आणि घरच्यांची नावं तिथेच लिहिली गेली, तर या वाटेतले बरेच महिने वाचू शकतात.