सुवार्तेचे नवे साधन

सांगली आणि मिरज या जुन्या शहरांच्या लगत वाढलेले कुपवाड १९९८ साली त्या दोहोंसह एका महानगरपालिकेच्या अंमलाखाली आले. तथापि त्याची ओळख आजही तेथील औद्योगिक वसाहतीवरून होते. कारखान्याच्या पाळ्यांनी ज्याचे दिवस आणि रात्री बांधल्या गेल्या आहेत, त्या कामगाराला रविवारची सकाळ मोकळी मिळेलच असे नाही; अशा ख्रिस्ती कामगाराला चुकलेला उपदेश ऐकता यावा, प्रार्थनासभेची बदललेली वेळ कळावी, म्हणून पाळकाने व्हॉट्सॲपच्या समूहाचा किंवा यूट्यूबचा आश्रय केला, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवेने काळाचे साधन हाती घेण्याची वहिवाट पुरातन आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी येथल्या लोकांची ओवी स्वीकारली आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मुद्रित झाले. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याच पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून करणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी छापील शब्दावर समाधान न मानता भजन आणि कीर्तन यांचाही अंगीकार केला, आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन करताना येथील भक्तिपरंपरेशी नाते राखले. साधन जेव्हा लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या चालीत बोलले तेव्हाच ते रुजले, हा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. परदेशी प्रवचनाची चित्रफीत मराठी शीर्षक लावून पुढे धाडणाऱ्यांनी तो ध्यानी घ्यावा.

नव्या माध्यमाची उपयुक्तता २०२० साली निर्विवाद सिद्ध झाली. मार्च महिन्यात कोरोनामुळे टाळेबंदी लागू झाली, सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे संसर्गाने भीती पसरवली, आणि १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण भाविकांना घरीच पाळावा लागला. मंदिराचे दार बंद असता उपासना मोबाइलच्या पडद्यावर आली, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना व परगावी नोकरी करणाऱ्यांना जी सोय त्या वेळी लाभली, ती पुढे काढून घेण्याचे कारण उरले नाही.

परंतु या माध्यमाचा स्वभाव ओळखल्यावाचून त्याच्या हाती सेवा सोपवणे धोक्याचे होय. पाहणाऱ्याला जे अधिक काळ खिळवून ठेवते तेच हे माध्यम अधिक लोकांपुढे मांडते. साहजिकच शांत, विचारप्रवर्तक उपदेशापेक्षा चमत्काराचा दावा आणि परधर्माची निंदा यांना तेथे सहज पाय फुटतात. तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंडनीय आहे, आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. म्हणून आलेल्या मजकुराची शहानिशा केल्याशिवाय तो पुढे पाठवण्याची मुभा कोणत्याही मंडळीने सभासदांना देऊ नये.

याहूनही नाजूक प्रश्न आहे तो प्रार्थनेच्या विनंतीचा. एखाद्या भगिनीचे नाव, तिचा आजार, घरातील कलह किंवा रुग्णशय्येवरील छायाचित्र प्रार्थनेच्या निमित्ताने शंभर जणांच्या समूहात जाते आणि घटकाभरात ज्यांना तिची ओळखही नाही अशांच्या हाती पडते. एके काळी जी व्यथा पाळकाच्या कानी विश्वासाने सांगितली जात असे, तिचा असा सार्वजनिक दस्तऐवज होणे सेवेच्या ब्रीदाला शोभत नाही. संबंधित व्यक्तीची स्पष्ट अनुमती, नावाऐवजी ‘एक सभासद’ एवढाच उल्लेख, मुलांची छायाचित्रे टाळणे आणि समूहाची जबाबदारी दोघा-तिघा विश्वासू सभासदांकडे असणे, हे साधे नियम प्रत्येक मंडळीला पाळता येण्याजोगे आहेत.

माध्यम कोणतेही असो, सेवेची खरी साक्ष प्रत्यक्ष कृतीतूनच मिळते. कुपवाडच्या शेजारीच मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. त्याचा लौकिक दूरवर गेला तो बरे होऊन घरी परतलेल्या रुग्णांच्या तोंडून. व्हॅटिकनने २८ मे २०२३ रोजी समाजमाध्यमांविषयी प्रसिद्ध केलेल्या चिंतनातही विवेचनाचा आधार म्हणून चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला आहे, आणि तो दाखला तर वाटेत जखमी पडलेल्याजवळ थांबण्याचा आहे. किती जणांनी पाहिले, किती जणांनी पसंती दिली, हा हिशेब सेवेचा ताळेबंद ठरू शकत नाही. समाजमाध्यमाने बोलावणे पोहोचवावे, वेळ कळवावी, एकाकी माणसाचा पत्ता लावून द्यावा. त्यानंतर त्याच्या दारापर्यंत चालत जाण्याचे काम मात्र पाळकाने आणि मंडळीने स्वतःच केले पाहिजे.