चिकटा

सकाळी ६:४०
जानेवारी. पुण्याच्या कासेवाडीतल्या या गल्लीत ऊन यायला अजून जवळजवळ तीन तास आहेत. मावशींचं पाणी भरून झालंय. दाराशी पोतं पडलंय, रात्रीच आलेलं. आज मंगळवार. उद्या जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो तो, शाहीर अमर शेख चौकाजवळ.

पोत्यात सीडी-डीव्हीडीची प्लास्टिकची कव्हरं आहेत. मावशी त्यांना डब्या म्हणतात. कुठली तरी व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, गाळा रिकामा झाला, माल भंगारात गेला. भंगारवाल्याकडून तो पथारीवाल्या भाऊंनी किलोवर उचलला. भाऊ उद्या विकणार. मधलं काम मावशींचं. लेबल काढायचं, खालचा चिकटा काढायचा, डबी पुसून द्यायची. साध्या डबीला एक रुपया. लेबलावर सेलोटेप मारलेली असेल तर दोन.

सकाळी ७:१५
निवडणं. मावशी एकेक डबी उचलतात आणि नखाने टिचकी मारतात. टणक आवाज आला की ती ‘काचेची’. सीडीची चौकोनी, पारदर्शक डबी. आवाज दबका आला की ‘चिवट’. डीव्हीडीची लांबट, काळी. काचेची म्हणजे पॉलिस्टायरीन, चिवट म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही नावं मावशींना ठाऊक नाहीत. कुठली कशाने मरते ते ठाऊक आहे.

काचेच्या डबीला बिजागरीपाशी दोन बारीक कान असतात. तेच आधी तुटतात. कान तुटलेल्या, तडा गेलेल्या डब्या बाजूला पडतात. एकूण २१० मोजल्या, त्यातल्या ३४ बाद. बाद डब्या परत भंगारात. त्या निवडायचे पैसे नाहीत.

सकाळी ७:५०
एका लेबलाचं टोक नखाने उचलून बघतात. कागद तुकड्यात फाटतो. दुसरं बघतात, तेही तसंच. “गारठ्यात गोंद आखडून बसतो, ताई. आत्ता नादी लागलं की नख जातं आन् लेबल ऱ्हातं.”

खोबरेलाची बाटली बघतात. तेल गोठून पांढरं झालंय. बाटली उंबऱ्यावर ठेवून चहा टाकतात.

सकाळी ९:३०
समोरच्या पत्र्यावर ऊन आलं. मावशी साठ डब्या तिथे मांडतात, लेबलं वर करून. त्याआधी प्रत्येकीतली सीडी आणि छापील कागद काढून ठेवायचा. दहा-दहाचा गठ्ठा, वर खडूने आकडा. डबी एकाची आणि सीडी दुसऱ्याची झाली तर भाऊंचं गिऱ्हाईक रविवारी भांडायला येतं.

तेलाची बाटलीही पत्र्यावर जाते.

सकाळी १०:३०
आता हात चालू. हत्यारं चार. अंगठ्याचं नख. जुन्या एटीएम कार्डाचा कापलेला तुकडा. केस झडलेला टूथब्रश. नऊवारी लुगड्याची चिंधी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ब्लेड नाही. ब्लेडने लेबल लवकर निघतं, पण ओरखडा राहतो आणि ओरखडा पुसता येत नाही.

टोक उचलायचं. वर ओढायचं नाही. लेबल त्याच्याच अंगावर दुमडत, डबीला लागून, सावकाश मागे न्यायचं. उन्हात तापलेलं लेबल अखंड निघतं. निघताना सर्र असा बारीक आवाज येतो. मावशी तो ऐकत असतात. आवाज तुटला की कागद फाटणार. मग थांबायचं आणि दुसऱ्या टोकाने यायचं.

किमतीची स्टिकरं वेगळी. कुणी काढून दुसरीकडे लावू नयेत म्हणून त्यांना आधीच चिरा दिलेल्या असतात. ती चार-पाच तुकड्यांतच निघतात. “ह्ये चोरासाठी केलंय,” मावशी म्हणतात. “भोगायचं मी.”

सकाळी ११:४५
एका डबीवर तीन थर आहेत. वर लायब्ररीचा नंबर. त्याखाली ‘वेळेवर परत करा’. त्याखाली नुसता चौकोन, मजकूर उडालेला. पुढच्या डबीवर मोझर बेअरचं नाव आहे. २००७ मध्ये या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. डबी शाबूत आहे. भाऊ उद्या तिचे ४० सांगणार.

मावशी काही वाचत नाहीत. त्यांची नजर टोक शोधते.

दुपारी १२:५०
भाकरी, पिठलं, कांदा. जेवायच्या आधी हात दोनदा धुवावे लागतात. गोंद आधी तेलाने, तेल साबणाने.

भिंतीवर खिळ्याला एक ओळखपत्र लटकतंय, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं. कचरावेचकांची ही संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. मावशी वीस वर्षं कचरा वेचत होत्या. मग गुडघा गेला. आता बसून होईल ते काम. कार्ड अजून लटकतंय. “असू दे. पोलिसाला दाखवाय लागायचं तवा.”

दुपारी १:३०
दिवसातला सगळ्यात चांगला तास. पत्रा चटका देतोय. टेपवाल्या ५६ डब्या मुद्दाम या वेळेसाठी ठेवल्या होत्या.

जुनी सेलोटेप पिवळी पडते, कडक होते. वरचा पापुद्रा एका झटक्यात निघतो आणि गोंद मात्र तसाच डबीवर राहतो. त्यावर धूळ बसली की काळा चौकोन. हाच चिकटा. पाण्याने तो हलत नाही, नुसत्या साबणाने पसरतो.

मावशी त्यावर खोबरेलाचे दोन थेंब टाकतात, बोटाने फिरवतात आणि डबी बाजूला ठेवतात. दहा डब्यांना तेल लावून होईपर्यंत पहिलीचा गोंद फुगलेला असतो. अंगठ्याने रेटला की शेवयांसारखा वळतो. शेवया टूथब्रशने झटकायच्या. कोपऱ्यात राहिलं तर कार्डाचा तुकडा. मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचं, कारण तेल राहिलं तर डबी परत धूळ धरते. मग चिंधी. साध्या डबीला दोन मिनिटं पुरतात, हिला चार-पाच जातात.

खोबरेल का? रॉकेलने झटपट निघतं. “रेशनवर मिळायचं तवा रॉकेलच वापरायचे,” मावशी म्हणतात. “आता कुठनं आणायचं?”

दुपारी ३:००
भाऊंचा पोरगा थिनरची बाटली घेऊन येतो. “पप्पा म्हणले, यानी लवकर होईल.”

मावशी उठतात, फळीवरून एक डबी काढून त्याच्या हातात देतात. काचेची डबी, मधोमध पांढरट धुकं. गेल्या दिवाळीत थिनर लावला होता. चिकट्याबरोबर डबीच विरघळली. अशा बारा डब्या गेल्या. डबीमागे ५ रुपयांनी ६० रुपये कापले. ती एक मावशींनी ठेवून घेतली, दाखवायला.

चिवट डबीला थिनर चालतो. दहाएक हट्टी डब्या त्या दाराबाहेर बसून थिनरने पुसतात, वाऱ्याकडे पाठ करून. घरात नातू झोपलाय, त्याला खोकला आहे. बाटलीचं बूच घट्ट लावून पोराच्या हातात परत.

संध्याकाळी ५:१०
ऊन पत्र्यावरून उतरलं. नऊ डब्या राहिल्यात. आता टोपात पाणी गरम करून, फडकं पिळून लेबलावर ठेवायचं. गॅस जळतो म्हणून हे शेवटी आणि थोडक्यांनाच.

मावशी अंगठा दाखवतात. गुळगुळीत आहे, रेघा जवळजवळ दिसत नाहीत. रेशनच्या मशीनवर तो उठत नाही. दुकानदार दरवेळी दुसरं बोट मागतो. “डबीचं साफ करता करता माझंच निघालं,” म्हणतात आणि हसतात. पुढची डबी घेतात.

संध्याकाळी ६:३०
कागद आत, सीडी आत, झाकण बंद. भाऊ आले. ते बघत नाहीत, डबीवरून अंगठा फिरवतात. अंगठा अडखळला की डबी परत. पाच परत येतात. मावशी तिथेच तेल लावतात. भाऊ उभेच आहेत. त्यांनाही उद्या उजाडायच्या आत जागा धरायची आहे.

हिशोब: साध्या १२०, टेपवाल्या ५६. एकशे वीस आणि एकशे बारा, २३२. भाऊ २३० देतात. दोन सुट्टे नाहीत. तेलाचे २५, साबणाचे १०, दोन्ही मावशींचे. गॅस धरलेला नाही.

रात्री ७:४५
जाता जाता भाऊंनी एक पाकीट ठेवलंय. नवी कोरी किमतीची स्टिकरं, ४०-४० रुपयांची. प्रत्येक डबीवर एक लावायचं, सकाळी वेळ मिळत नाही. याचे पैसे वेगळे नाहीत.

दिवसभर साफ केलेल्या डब्या मावशी पुन्हा पुढ्यात घेतात. स्टिकर सोलायचं, ठेवायचं, दाबायचं. पाच सेकंद. पण दाबण्याआधी त्या दरवेळी एक कोपरा किंचित आत दुमडतात.

भाऊंना हे आवडत नाही. गिऱ्हाईक स्टिकर बदलतं, असं ते मागे एकदा बोलले होते.

“बोलू दे,” मावशी म्हणतात आणि पुढचा कोपरा दुमडतात. “नख घालाय जागा नको का?”