अवयवदान आणि बुरशीचा संसर्ग : भीती किती, दक्षता कोणती?

अवयवदानाचा विषय निघाला, की एक शंका हमखास पुढे येते : दात्याचा रोगही रुग्णाच्या शरीरात जाणार नाही ना? २०२१ साली महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा, म्हणजेच 'काळ्या बुरशी'चा, कहर अनुभवल्यामुळे ही भीती आपणांस अधिकच जाणवते.

दात्याकडून बुरशी येण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, दात्याच्या शरीरातील छुपा संसर्ग. कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूज्वर घडवून आणते. म्हणूनच मेंदूज्वराचे निश्चित कारण न कळलेल्या दात्याचे अवयव घेताना डॉक्टर विशेष सावध असतात. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेतला. अवयव काढताना आतड्यास इजा झाल्यास तेथील कॅन्डिडा बुरशी अवयव जतन करण्याच्या थंड द्रावात मिसळते. फ्रान्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे प्रमाण सुमारे १००० मूत्रपिंडांमागे १ आढळले. प्रमाण अल्प, परंतु परिणाम गंभीर. कारण जोडलेली रक्तवाहिनी फुगून फुटू शकते. शिवाय शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेली औषधे रुग्णाची प्रतिकारशक्तीच दुबळी करतात.

त्या द्रावातील बुरशीच्या तपासणीस काही दिवस लागतात. अवयव तितका काळ टिकत नाही. त्यामुळे अहवाल प्रत्यारोपणानंतर येतो. एका दात्याचे अवयव अनेकांस मिळत असल्याने तो अहवाल संबंधित सर्व रुग्णालयांस तातडीने कळविणे व उपचार सुरू करणे, यावर प्राण अवलंबून असतात.

अवयवांचा व्यापार येथेच घातक ठरतो. पैशासाठी दात्याचा आजार लपविला जातो, तपासण्या टळतात. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू असून त्याने हा व्यवहार गुन्हा ठरविला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेत अवयवदानाची प्रशंसा करतानाच अवयवांचा व्यापार अनैतिक असल्याचे स्पष्ट केले होते.

मात्र बुरशी दात्याकडूनच येते असे नाही; ती आपल्या भोवतालीही असते. बिबवेवाडीसारख्या वस्तीत बांधकामाची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि शेजारच्या मार्केट यार्डातील सडका भाजीपाला यांपासून प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने दूर राहावे. ताप, खोकला अंगावर काढू नये. बुरशीवरील काही औषधे टॅक्रोलिमससारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढवितात. म्हणून मनाने कोणतेही औषध घेऊ नये.

दात्याच्या कुटुंबीयांनी त्याचे जुने आजार न लपविता सांगावेत. तेवढ्या प्रामाणिकपणानेही एखाद्या अनोळखी बांधवाचे प्राण वाचू शकतात.