पाहुण्यांचे तंबू आणि आपले नियम



जेऊर स्टेशनवर उतरून चिखलठाण, कुगावच्या वाटेला लागणारा प्रत्येक जण आता कुणाचा सोयराच असतो असे नाही. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आले की पुण्या-मुंबईची मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून येतात. पलीकडे भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांना त्यातून चार पैसे मिळू लागले. ते पाहून आपल्याही काठावर, शेतात दोन तंबू ठोकावेत आणि चुलीवरचे जेवण द्यावे, असा विचार पुष्कळांच्या मनात घोळतो.

जोडधंदा चांगला आहे. पण केळी-उसासारखा हा माल मुका नाही. तो बोलतो आणि भांडतोही!

भांडण बहुधा कशावरून होते? रात्री अकरा वाजता गाण्याचा आवाज कमी करा म्हटले, म्हणून. चार जणांचे पैसे भरून सात जण आले, म्हणून. केळीचा घड न विचारता कापला, उसाच्या पाचटाजवळ शेकोटी पेटवली, म्हणून. आपण रागावतो, आणि पाहुणा म्हणतो, "हे आधी का नाही सांगितले?" इथे मी पाहुण्याच्या बाजूने आहे. पैसे घेण्याआधी सांगितली ती अट. पैसे घेतल्यावर सांगितली तर ती कटकट वाटते. म्हणून फोनवर बोलणे होताच सगळे सांगा: किती माणसे, येण्या-जाण्याची वेळ, जेवणात काय, कुत्रे आणलेले चालेल की नाही, बेत रद्द झाला तर आगाऊ रकमेपैकी किती परत. तेच मराठीत लिहून मोबाईलवर पाठवा, आणि एक फळी दारातही लावा.

पाहुण्याच्याही तक्रारी असतात, आणि त्या खऱ्या असतात. फोटोत हिरवे लॉन आणि प्रत्यक्षात ढेकळे. संडासाला पाणी नाही. वीज गेली तर पुढची सोय नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तो जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही पडत नाही. तेव्हा नसलेल्या सोयीचा फोटो दाखवू नका. वीज किती तास असते तेही सांगून टाका. शहरातला माणूस खरे ऐकून येतो. रागावतो तो फसवल्यावर.

आता नियमांत दोन जाती करा. जेवणाची वेळ, खोली सोडण्याची वेळ, एखादा जादा पाहुणा, यांत थोडे सोडून द्या. तासभर उशीर झाला म्हणून वाद घालणारा यजमान पुढच्या वर्षी रिकामा बसतो. पण जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे तसूभरही सोडू नका, मग समोरचा पैसे परत मागो की शिव्या देवो.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्या भागात कोण विसरेल? कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. ती बोट पर्यटकांची नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती. पाण्याला सवयीचा माणूसही ओळखू येत नाही, मग नवख्याचे काय? वारा उठला की बोट बंद. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बोटीत पाय नाही. "पक्ष्यांच्या आणखी जवळ घ्या, उडताना फोटो हवा" म्हणणाऱ्यालाही नाहीच म्हणा. पक्षी एकदा बुजले की तुमच्या काठाकडे फिरकणार नाहीत, आणि त्यांच्यामागून येणारा पाहुणाही नाही.

पोहण्याचेही तसेच. काठावर आपल्या मोटारींच्या केबली पाण्यात गेलेल्या असतात आणि गाळात पाय मांडीपर्यंत रुततो. आपल्या पोराला हे ठाऊक असते, पुण्याच्या पोराला नाही. रागावू नका, हाताला धरून केबल दाखवा. नुसत्या मनाईपेक्षा कारण सांगितले की माणूस लवकर ऐकतो, असा माझा अनुभव आहे; औषधफवारणीच्या बाबतीतही तो तसाच आहे.

दोन गोष्टींत कायदाच तुमच्या मदतीला येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. परवान्याशिवाय दारू पुरवणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. "हा माझा नियम नाही दादा, सरकारचा आहे" एवढे म्हटले तरी निम्मी भांडणे मिटतात. कारभारणीच्या अंगावर ओरडणारा पाहुणा मात्र उरलेले पैसे देऊन त्याच रात्री वाटेला लावावा. धंद्यापायी घरच्या बाईने ऐकून घ्यावे, हे मला मान्य नाही.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ती करून घ्या. आणि तंबू आपल्या सातबाऱ्यावरच्या रानातच ठोका. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन गाळपेरीला मिळते ती पिकासाठी, मुक्कामासाठी नव्हे. पावसाळ्यात वर पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटले की उजनीची पातळी चढू लागते, आणि संध्याकाळी काठापासून लांब वाटलेला तंबू सकाळी पाण्याच्या कडेला आलेला असतो.