जगावेगळी फुले



फूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाई, मोगरा, गुलाब, झेंडू येतात. रंग छान, वास गोड. पण जगात अशीही फुले आहेत की त्यांच्या वासाने माणूस नाकाला पदर लावून पळेल. त्यांतलेच एक आमच्या परड्यात उमलले होते आणि ते मी माझ्या हाताने तोडले. ती चूक कशी झाली ते आधी सांगते, मग आपण जगाच्या फेरीला निघू.

गेल्या वर्षी शाळा नुकतीच उघडली होती. दोन पाऊस चांगले झाले होते. एके दिवशी सकाळी आजी म्हणाली, "उंदीर मेलाय जनू कुठंतरी. बघा गं जरा." आईने कणगीमागे पाहिले, मी माळ्यावर चढले, आप्पांनी गोठा झाडून काढला. उंदीर काही सापडेना आणि वास तर वाढतच चालला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय कुजलंय तुमच्यात?"

संध्याकाळी मी परड्यात गोवऱ्या आणायला गेले. पाहते तर हौदाच्या कडेला जमिनीतून एक भलतीच वस्तू वर आलेली! पान नाही, फांदी नाही. ताटाएवढी पसरट, जांभळट तांबडी, कडेला चुण्या पडलेली आणि मधोमध सुरकुतलेला गोळा. त्यावर माशाच माशा. मी कोयता आणला, बुडातून तोडली आणि उकिरड्यावर फेकून दिली. घरात सगळे म्हणाले, "बरं केलंस पोरी."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ही गंमत सांगितली. सगळी मुले हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "अगं, तो सुरणाचा फुलोरा होता. तो पाहायला मिळणे म्हणजे नशीब."

गुरुजींचे खरे होते. आपण सुरणाचे कंद भाजीसाठी काढून घेतो, म्हणून त्याचा फुलोरा सहसा दिसत नाही. आमच्या हौदाकडचा कंद आजीने बरीच वर्षे काढलाच नव्हता. कंद जमिनीत राहून चांगला पोसला की पावसाच्या तोंडाला आधी फुलोरा येतो आणि पान नंतर.

"पण गुरुजी, फुलाला असला घाण वास कशाला?" मी विचारले.

"फुलाला पाय आहेत का?" गुरुजींनी उलट विचारले. फुलाला चालता येत नाही. पण फळ धरायला एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर जायला हवा. मग ते पाहुण्याला बोलावते. मधमाशीला गोड आवडते, तिच्यासाठी मध आणि सुगंध. मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या माशा आणि किडे यांना कुजका वास आवडतो, त्यांच्यासाठी कुजका वास. तो वास आपल्यासाठी नसतोच. पत्र एकाचे आणि फोडून वाचतो दुसराच, तसे आपले होते!

मग गुरुजींनी कपाटातून पुस्तके काढून दिली. त्यांतून मी जी फुले टिपून घेतली ती आता सांगते.

सुरणाचा थोरला भाऊ

इंडोनेशिया देशात सुमात्रा नावाचे मोठे बेट आहे. तिथल्या जंगलात आपल्या सुरणाच्याच घराण्यातली एक वनस्पती उगवते. तिला टायटन अरम म्हणतात. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने १८७८ साली तिची माहिती जगाला दिली. तिचा फुलोरा दहा फुटांपर्यंत उंच होतो. म्हणजे आपल्या वर्गाच्या दारातून तो आत यायचा नाही! जमिनीखालचा कंद ५० किलोंहूनही जड होऊ शकतो. पहिल्यांदा फुलायला बहुधा सात ते दहा वर्षे लागतात आणि फुलोरा टिकतो एक-दोन दिवस.

फुलल्यावर रात्री त्याचा मधला दांडा तापतो, जवळजवळ आपल्या अंगाइतका गरम होतो. चुलीवरच्या कालवणाचा वास जसा लांबवर जातो, तसा त्याचा वास रानात पसरतो. आधी मादीफुले तयार होतात. नरफुले पराग सोडतात ती त्यानंतर. म्हणून स्वतःचा पराग स्वतःला कामी येत नाही. त्याच वेळी जवळपास दुसरा फुलोरा उमललेला असावा लागतो. तिथली जंगले तोडली गेल्याने या वनस्पती विरळ झाल्या आणि २०१८ साली तिचे नाव धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत गेले.

सुरणातही मादीफुले आधी आणि नरफुले मागून, असेच असते. हे वाचल्यावर मला वाटले, त्या दिवशी गावात आणखी कुणाच्या परड्यात सुरण फुलला असेल, तर?

सर्वांत मोठे फूल

टायटन अरम उंच खरे, पण ते एक फूल नव्हे. झेंडूच्या एका बोंडात जशी पुष्कळ बारीक फुले असतात, तशी त्यात शेकडो फुले असतात. एकच फूल धरले तर जगात सर्वांत मोठे रॅफ्लेशिया. तेही सुमात्रात सापडते. रुंदी सुमारे तीन फूट, लग्नातल्या मोठ्या परातीएवढी! वजन सहा-सात किलो. रंग विटकरी, वर पांढरट ठिपके, पाकळ्या पाच आणि वास सडक्या मांसाचा.

या झाडाला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. ते द्राक्षाच्या कुळातल्या एका रानवेलीच्या आत धाग्यांसारखे राहते आणि तिचेच अन्न खाते. कळी कित्येक महिने वाढते आणि फूल आठवडाभरात काळे पडते. १८१८ साली जोसेफ अर्नोल्ड नावाचे डॉक्टर रॅफल्स साहेबांबरोबर त्या जंगलात गेले होते. बरोबरच्या एका मलायी नोकराने ते फूल आधी पाहिले आणि धावत येऊन त्यांना सांगितले. फुलाच्या शास्त्रीय नावात दोन्ही साहेबांची नावे आली. आधी पाहणाऱ्या नोकराचे नाव आले नाही. मला याचे फार वाईट वाटले.

याच कुळातले सॅप्रिया नावाचे वीतभर रुंदीचे लाल फूल आपल्या भारतातही आहे बरे का! ते अरुणाचल प्रदेशाच्या जंगलात फुलते.

पट्टीएवढी नळी

आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर एक पांढरे, चांदणीसारखे ऑर्किड आहे. त्याच्या मागे एक बारीक नळी लोंबते. आपली कंपासातली पट्टी असते ना छोटी, तशा दोन लावल्या तर जेवढी होईल तेवढी, म्हणजे जवळजवळ एक फूट. मध असतो अगदी तळाशी. १८६२ साली चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने ते फूल पाहून लिहिले की, एवढी लांब सोंड असलेला पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तसा पतंग तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. डार्विन १८८२ साली वारले. १९०३ साली शास्त्रज्ञांनी तसाच लांब सोंडेचा पतंग मादागास्करातून आल्याचे नोंदवले! म्हणजे नुसते फूल पाहून त्याचा पाहुणा ओळखता आला. आणि पाहुणा नाहीसा झाला, तर ते फूल कुणाची वाट पाहणार?

जमिनीखालचे फूल

पश्चिम ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याला १९२८ साली आपल्या जमिनीत एक अजब फूल सापडले. ते ऑर्किड जन्मभर मातीतच राहते. त्याला हिरवे पान नाही. एका झुडपाच्या मुळांकडून बुरशीच्या मदतीने ते अन्न घेते आणि पालापाचोळ्याच्या थराखालीच फुलते. जिथे ती झुडपे काढून गव्हाची शेते झाली, तिथे ते उरले नाही. आता फार थोडी झाडे राहिली आहेत.

बियांनी वाचवलेले झाड

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अल्टामाहा नदीकाठी १७६५ साली जॉन बार्ट्रम आणि त्यांचा मुलगा विल्यम यांना सुवासिक पांढऱ्या फुलांचे एक झाड दिसले. पुढे विल्यमने तिथून बिया आणून फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत लावल्या. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावरून त्याला फ्रँकलिनिया म्हणू लागले. रानात ते झाड शेवटचे दिसले १८०३ साली. त्यानंतर कधीच नाही. आज जगात जी फ्रँकलिनियाची झाडे आहेत ती सगळी बार्ट्रम बापलेकांच्या बागेतल्या झाडांची लेकरे. मूठभर बियांनी केवढे काम केले पाहा!

आपल्या डोंगरावरचा कंदील

शेवटी घरी येऊ. गुरे राखायला गेलेली मुले पावसाळ्यात खरपुडीचे कंद उकरून खातात. मीही खाल्ले आहेत. पण तिचे फूल कधी निरखून पाहिले आहे का? ते इवल्याशा कंदिलासारखे असते, म्हणून त्याला कंदीलपुष्प म्हणतात. आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, पण तिला परत वर येता येत नाही. मग केस सुकतात, माशी सुटते आणि अंगाला पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती फक्त आपल्या सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आणि सड्यांवर आहेत, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कंद उकरला की झाड संपले. मी आता उकरत नाही.

माझ्या सुरणाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. फुलोरा गेला, पण कंद जिवंत होता. काही दिवसांनी त्याच जागी पान छत्रीसारखे वर आले. यंदा आजीने तो कंद काढू दिला नाही. आप्पांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तो. पोरीला बघायचाय."

पालकांना एक विनंती आहे. बांधावर, परड्यात, डोंगरावर कधी न पाहिलेले फूल दिसले, तर ते उपटू नका. मुलाला नेऊन दाखवा. मुलांनी त्याचे चित्र काढावे, जागा आणि तारीख लिहावी आणि गुरुजींकडे द्यावे. गुरुजींनी या भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद लावला आहे. त्यावर आपण फुलाचे नाव लिहू आणि ज्याने ते आधी पाहिले त्याचेही लिहू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी