इसाडाच्या खाचा

कोकणातल्या अंजनवेलमधल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर लाकडी नांगर पडून आहे. त्या घरातल्या आजोबांचा उभा जन्म शेतात गेला. तरी पडवीत बसून नांगराच्या भागांची नावं विचारली, तेव्हा फाळ आणि जू यांपलीकडे त्यांना काही आठवेना. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "असं बसून नाय सांगता येनार. आदी खाली काडा त्याला."

नांगर अंगणात आला आणि हात लागला तशी नावं आपोआप येऊ लागली. खोडाच्या भोकात लांब दांडा बसवून वरून पाचर ठोकली : हे इसाड. मागे उभं राहिलं ते रुमणं, त्याच्या माथ्यावर धरायची मूठ. जू आडवं टाकून त्याच्या भोकांत शिवळा घातल्या. बैलाची मान दोन शिवळांच्या मधे येते. जू इसाडाला बांधायचा नाडा कधीच कुजून गेला होता, म्हणून नातवाने होडीची नायलॉनची दोरी आणून दिली. दोरी हातात घेतल्यावर मात्र आजोबा थांबले आणि इसाडाच्या पुढच्या टोकाजवळ बोटाने चाचपू लागले. तिथे एकामागे एक खाचा आहेत, वापरून गुळगुळीत झालेल्या.

या खाचांचं काम मला पहिल्यांदा तिथे कळलं. नाडा पुढच्या, म्हणजे टोकाकडच्या खाचेत बांधला की इसाड आडवं होतं, फाळाचं तोंड खाली झुकतं आणि तास, म्हणजे फाळाने पडणारी चर, खोल जातं. खोडाकडच्या खाचेत आणला की इसाड उभट होतं आणि नांगर वरवर चालतो. बैल उंच असतील तर जू उंच राहतं, मग नाडा पुढे न्यावा लागतो. कोकणातले बैल चणीने लहान. आज देशी गोवंशात 'कोकण कपिला' म्हणून ज्यांची नोंद आहे, ते. अरुंद खाचरात, बांधाच्या कडेला वळायला असेच बैल हवेत. जोत, म्हणजे नांगराची बैलजोडी, बदललं की खाच बदलायची, हे आजोबांनी मला सांगितलं नाही. दोरी पुढेमागे करून दाखवलं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. शेतीतले ढीगभर शब्द त्यात आहेत आणि त्या माणसाचे उपकार मोठेच. पण कोशात इसाड म्हणजे नांगराचा दांडा, एवढंच कळणार. कुठली खाच कधी, हे ज्ञान शब्दाला चिकटून होतं आणि काम थांबलं तसं ते निघून गेलं. माळ्यावरच्या नांगराला चिठ्ठी लावून तो संग्रहालयात ठेवला तरी ते परत येत नाही.

काम थांबायला कारणंही तशीच होती. तरुण माणसं मुंबईला गेली, ती गणपतीला आणि शिमग्याला येतात. लावणीला सगळ्यांना रजा मिळत नाही. नव्वदच्या दशकात अंजनवेल, वेलदूर, रानवी भागातली जमीन एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पात गेली. 1999 मध्ये सुरू झालेली वीज 2001 मध्ये बंद पडली, 2005 मध्ये नवी कंपनी आली. त्या जमिनीवर पुन्हा जोत फिरलं नाही. उरलेल्या खाचरांत पॉवर टिलर चालतो. बैलांची वर्षभराची वैरण परवडत नसेल तर शेतकऱ्याने टिलर घ्यावा, त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही.

सगळंच परत यावं असंही मला वाटत नाही. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, ती भाजावळच घ्या. शेण, झाडांची कवळं, पातेरा, गवत असे थर देऊन वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायची, म्हणजे आग सावकाश सरकते आणि तणाचं बी जळतं. रोपांचा तरवा जोमदार येतो, पण त्यासाठी दरवर्षी झाडं बोडकी होतात. ही रीत कमी झाली ते बरंच झालं.

पावसात अंगावर घ्यायच्या इरल्याचं मात्र वाईट वाटतं. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, मधे पानांचे थर. डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत पोचणारं. लावणीला ओणवं झालं की ते पाठीवर छपरासारखं बसतं, पाणी मागे गळतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. प्लॅस्टिकच्या खोळीत आत घाम साचतो. इरल्याखाली वारा खेळतो. आजोबांच्या घरच्या आजींना ते विणता येतं. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कोणी मागितलेलं नाही.

शेजारच्या वाडीत अजून एक जोत चालतं. यंदा पावसात उखळीच्या पहिल्या नांगरणीपासून चिखलणीपर्यंत तिथे थांबून सगळं चित्रित करायचं आणि आजोबांनी बांधावर बसून बोलायचं, असं ठरलं आहे. आजींनाही त्याच वेळी इरल्याची पानं आणून द्यायची आहेत. आजोबांची अट एकच : कॅमेरा धरणाऱ्याने आधी एक तास स्वतः रुमणं धरून काढायचं, मगच चित्र घ्यायचं.